तुळईवरचं साल

खात्याच्या बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं, तसा सांधेवाला जागेवरून उठला. आता विचारणारच.

रेल्वेत रुळांचे सांधे बदलायची नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, तरी यार्डाकाठी त्याला सांधेवालाच म्हणत. बाई आल्या होत्या जुन्या वास्तूंच्या खात्याकडून. यार्डाला लागून असलेल्या पाचही इमारतींचा इतिहास त्यांना लिहायचा होता. कुठली कधी बांधली, आधी तिथे काय होतं, कोण राहून गेलं. शंभरी ओलांडलेली इमारत सरकार राखणार, ही आतल्या गोटातली बातमी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने परवाच दिली होती. उरलेल्यांचं काय होणार, हे सांगायला चहावाला कशाला हवा?

तेव्हापासून या गृहस्थाला एका जागी बसवत नव्हतं. दाराशी जा, खिडकीशी ये, पाणी पी, पुन्हा दाराशी. कारण बायको. तिची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण या दोन खोल्यांत ती अशी वावरायची की नवख्याला पत्ता लागू नये. डबे, शेगडी, उंबरा, सगळं हातापायांना पाठ. एकदा मुलीकडे आठ दिवस राहिली, तर पाण्याच्या पेल्यासाठीही तिला हाक मारावी लागली. परत आल्यावर म्हणाली होती, "मला दुसऱ्या घरात नेऊ नका हो. तिथे मी खरी आंधळी होते."

बाईंनी विचारलंच. छताला तुळया म्हणून रूळ घातलेत का? सांधेवाल्याने लगबगीने स्टूल आणलं, वर चढला आणि पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. लोखंडात उठलेली अक्षरं दिसू लागली. कारखान्याचं नाव आणि साल. एकशे अठरा वर्षांपूर्वीचं.

बाईंचा चेहरा खुलला. सांधेवाला स्टुलावरून उतरला. रूळ आधी पन्नास-साठ वर्षं गाड्यांखाली झिजतो आणि भंगारात निघाला की मगच कुणाच्या तरी डोक्यावर चढतो, हे यार्डातलं शेंबडं पोरही सांगेल. ही इमारत त्याच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. त्याचा बापच तिथे विटा वाहत होता. पण पुस्तकं वाचून आलेल्या बाईंना हे सांगतंय कोण?

तरी मन खात होतं. उभ्या नोकरीत कधी खोटा अहवाल दिला नव्हता बिचाऱ्याने.

"काका, इमारत याच सालची ना? तुमच्या शब्दावर लिहिते."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"याच सालची," तो म्हणाला.

बाईंनी लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली. आता या इमारतीला कुणी हात लावू शकत नाही, असं त्या म्हणाल्या, तेव्हा त्याला हसू आवरेना. बढतीच्या दिवशीही तो इतका खूश झाला नव्हता. त्याने बायकोला हाक मारून बातमी सांगितली. ती भिंतीचा आधार न घेता बाहेर आली आणि तिने बाईंच्या हातात चहा दिला.

चहा पिता पिता बाई सांगू लागल्या, या खोल्या आता आहेत तशाच लोकांना पाहायला ठेवायच्या. राहणाऱ्यांना महिनाअखेरीपर्यंत शहराबाहेर नव्या जागा मिळतील.

सांधेवाल्याने वर तुळईवरच्या सालाकडे पाहिलं. त्याने विचारलं, मग शंभरी न भरलेल्या इमारती, त्या तर पाडणार ना?

"छे, पाडायच्या कशाला? त्यांची नुसती डागडुजी. माणसं आहेत तिथेच राहतील."