ज्याचं त्याला

मेंढरांच्या तळावर चुलीपाशी उकिडवा बसून एक परका गोरा बाजरीची भाकरी खात होता आणि सुलाबाई त्याच्या पायांकडे बघत होती. बूट फाटून टाचा सोलवटल्या होत्या. दाढी वाढली असली तरी वय तिच्या पोराएवढंच, बिराप्पाएवढंच. हातवारे करून तो एकच विचारत होता, गोवा कुठं? गोव्यात इंग्रजांचं राज्य नव्हतं. तिथं पोचला की तो सुटला.

सुलाबाईचा दीर नानासो म्हसवडच्या बाजारातून आला, तो त्याला बघून उडालाच.

"वैनी, ह्यो इटलीचा कैदी. सरकारच्या छावणीतनं पळालेला. बाजारात त्याचीच बोंब हाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आपण परवा कोकणात उतरतोयच. घोंगडं पांघरून मेंढरांमागं चालवला, तर कुणाला पत्ता लागायचा न्हाई."

इटली हे नाव सुलाबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. इंग्रजांच्या पलटणीत लढताना धरलेल्या बिराप्पाला तिथंच कोंडलंय, असा कागद पावसाळ्यात आला होता. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

सुलाबाईला जगातला एकच कायदा माहीत. दुसऱ्याचं मेंढरू चुकून आपल्या कळपात आलं, तर कानाची खूण बघायची आणि धन्याकडे पोचतं करायचं. मग आपलंही चुकलेलं कुणीतरी आणून देतं. माणदेशात दुष्काळ पडले, पण ही रीत मोडली नाही. राजेलोकही धनगरांइतकेच सरळ असतील, असं त्या भोळीला वाटलं.

"न्हाई भावजी," ती म्हणाली. "सरकारचा कैदी सरकारला पोचता करू. मग सरकार माझा मला आणून दील. ज्याचं त्याला."

तिच्या निरोपावरून दुपारी फौजदार आला. त्यानं गोऱ्याचे हात दोरीनं बांधले. गोरा झटापट न करता नुसता सुलाबाईकडे बघत राहिला. "सायेब, माझा पोरगा कवा देताय?" तिनं विचारलं. फौजदार पोट धरून हसला.

पुढची तीन वर्षं ते डोळे तिला अधूनमधून आठवायचे. आपण वाईट केलं, असं वाटून जीव कासावीस व्हायचा. पण बिराप्पा येईल, या आशेवर ती ते मागं ढकलायची.

लढाई संपली आणि एका सकाळी बिराप्पा खरोखरच चालत तळावर आला. सुलाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सरकारनं रीत पाळली म्हणायची! तुला मी सोडवला, हे त्याला कधी सांगीन असं तिला झालं. पण तोच आधी बोलू लागला.

"आये, मला कुणी सोडला न्हाई. तिकडं राज्य बदललं तवा छावणीतनं पळालो. डोंगरातल्या एका म्हातारीनं आठ म्हैनं लपवला. मेंढरंवालीच ती, तुझ्यावानी. जर्मन हुडकाय आलं की नवऱ्याचा कोट माझ्या अंगावर घालून मला कळपात बशीवायची. घावलो असतो तर आधी तिलाच गोळी घातली असती."

सुलाबाईला पुढचं ऐकायचं नव्हतं, तरी तिनं विचारलं, "का केलं रं तिनं एवढं?"

"तिचा पोरगा हिकडं हिंदुस्थानात कैदी हुता. पळाला तर त्याला कोण जवळ करंल, म्हणून रोज रडायची." बिराप्पानं आईचा हात हातात घेतला. "मी म्हनलं, रडू नगंस. आमच्या आयच्या तळावर गेला, तर घरी पोचला म्हणूनच समज."