शोक शस्त्र

“पुन्हा,” हवालदार कुंदन ठाकूर म्हणाले. “शोक शस्त्र.”

पनवेलच्या पोलीस मैदानावर पथकाच्या रायफली उलट्या झाल्या. नळ्या डाव्या बुटाच्या टोकावर टेकल्या, दस्त्यावर दोन्ही तळवे आले, माना खाली गेल्या. मनिषाची रायफल मात्र सगळ्यांच्या मागाहून टेकली. वर्षभर ती वायरलेसच्या खोलीत बसत होती. कवायतीची सवय मोडली होती.

कुंदन तिच्यापाशी आले. आवाज उतरवून म्हणाले, “तू आज राहू दे. तुझ्या जागी रूपा उभी राहील.”

“मी साहेबांना विचारून आलेय, सर.”

“ठाऊक आहे मला. पण तिथे पाय डळमळले तर? डोळ्यांत पाणी आलं तर?”

“मान खालीच असते ना, सर.”

कुंदन मागे वळले. जागेवर जाऊन त्यांनी पुन्हा हुकूम दिला.

दुपारी पथक जासईला पोचलं. कंटेनरचे ट्रेलर रस्त्याच्या कडेला थांबवले होते. सीमेवर मारल्या गेलेल्या नायक दीपेश घरतचं पार्थिव शाळेच्या पटांगणात ठेवलं होतं. त्याची आई भामा पेटीवर हात ठेवून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने मान वर करून पथकाकडे पाहिलं. नजर मनिषावर थांबली.

“त्या पोरीला पानी द्या कुनीतरी,” ती म्हणाली. “कवाची उन्हात उभी हाय.”

“ड्यूटीवर हाय ती, काकू,” शेजारीण म्हणाली. “असू दे.”

“सलामी शस्त्र,” कुंदननी हुकूम दिला. हवेत फैरी झडल्या. लहान मुलं दचकून आयांना बिलगली.

“शोक शस्त्र.”

या वेळी मनिषाची रायफल सगळ्यांबरोबर टेकली. बिगुल वाजू लागला. तिचे खांदे हलले नाहीत. फक्त पॉलिश केलेल्या बुटावर एक थेंब पडला, मग आणखी एक. कुंदननी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

बिगुल थांबला. लष्कराच्या मेजरनी पेटीवरचा तिरंगा उतरवून घेतला, त्याची घडी केली आणि ती दोन्ही हातांवर धरून ते म्हणाले, “वीरपत्नींनी पुढे यावं.”

बायकांच्या घोळक्यातून कोणी उठलं नाही.

मनिषाने आपली रायफल कुंदनच्या हाती दिली आणि ती रांगेतून बाहेर पडली.