औंदाची सात नावं

दिलदारनं उत्कृष्ट नायकासमोर त्या थेरड्याचं नाव लिवलं, ज्याचा पिच्चर कोल्हापुरात तीन दिवसांत उतरला होता. जरा विचार केला आन् नायिकाबी त्याच पिच्चरची लिवली.

सात नावं झाली. सातीच्या साती हमखास पडणारी. कागद पाकिटात घातला, वर लाख लावली आन् शिवाजी पेठेतल्या आण्णाच्या पेपरच्या टपरीवर नेऊन दिला.

आता बगा, ह्यो गडी टॉकीजचे बोर्ड रंगवणारा. कुठला पिच्चर चालणार ते रंग वाळायच्या आधी त्याला कळायचं. आन् सुगरा त्याच्याहून वस्ताद. इचलकरंजीत भावाच्या मागावर कांड्या भरता भरता दिवसभर रेडिओ ऐकायची. चार वर्षांमागं दोघांची मंगनी झाली, तवापास्नं पैज ठरलेली. मुंबईला दरसाल पिच्चरची पारितोषिकं वाटतात, त्यातली सात नावं आधीच वळखायची. पाकिटं आण्णाकडं. निकालाचा पेपर आला की आण्णा समद्यांसमोर ती फोडणार. ज्याची जास्त बरोबर त्यानं मागायचं, हरलेल्यानं मुकाट द्यायचं. सुगरानं एकदा बांगड्या मागितल्या, एकदा पन्हाळा. गेल्या साली नशिबानं दिलदार जिंकला, त्यानं बिर्याणी मागितली.

आन् बरोबरी झाली तर त्याच महिन्यात निकाह. पहिल्याच वर्षी आण्णानं हे टपरीच्या फळीवर रंगानं लिवलं, दोन्ही घरच्यांनी हसत हसत जबान दिली. तवा ही दोघं कसली लाजलेली. पर बरोबरी काय कधी झाली न्हाय.

औंदा दिलदारला सुगरा नको झालती.

भांडण न्हाय, तंटा न्हाय. मुंबईच्या एका उस्तादानं बोर्ड रंगवायला बोलावलं होतं. आठ गडी एका खोलीत झोपणार, तिथं बायकू कुठं ठेवायची? आन् खरं सांगायचं तर तिची आठवनच येईनाशी झालेली. पर हे बोलायचं कुनी? दिलदारची भन चाँदबी सुगराच्या भावाला, शमशुद्दीनला दिलेली. साट्यालोट्याचा मामला. हिकडनं सुगराला नकार गेला की तिकडनं चाँदबी ट्रंक घेऊन दारात. मोडायचं तर सुगरानंच मोडाय पायजे.

म्हणून गड्यानं आठ महिने नुसता छळ मांडला, आन् तोबी गोड बोलून. आधी पोस्टकार्डाला जागा पुरायची न्हाय, आता लिवायचा, 'मजेत हाय. कळावे.' तिचं उत्तर यायचं, 'वाचून आनंद झाला.' ईदेला गेला न्हाय, बोर्ड वला हाय म्हणून निरोप धाडला. तिनं चाँदबीसंगं शीरखुर्मा पाठवला, त्यात साखरेचा कणबी न्हाय. ह्यानं झकास झाला म्हणून कळवलं. एकदा खलनायिकेचा बोर्ड दाखवून तिला म्हणाला, ही तुझ्यासारखीच दिसती. ती म्हणाली, तुम्ही म्हणता म्हणजे आसंल. मग तिनं स्वेटर विणून दिला. त्यात दोन दिलदार मावले असते. वाढाल की हळूहळू, म्हणाली.

दिलदारला वाटायचं, चिडली, आता बोलणार. ती काय बोलंना.

उस्तादाचं पत्र आलं. महिनाअखेर ये, न्हाईतर दुसरा गडी बघतो. दिलदारला जेवण जाईना. आता शेवटचा डाव ह्यो पैजंचा. आपण पडायचं, तिला जिंकू द्यायचं. इतकं मनात साचलेलं, चारचौघांत मागायची संधी मिळाल्यावर सोडती व्हय?

निकालाच्या रविवारी समदी टपरीवर जमली. दिलदारची आई बिबीजान, शमशुद्दीन, आन् सहा महिन्यांची पोटुशी चाँदबी, बाकड्यावर ऐसपैस बसून शेंगा खात. सुगरा कडंला हुबी होती. दिलदार तिच्याजवळ सरकला.

"जिंकलीस तर मनात आसंल ते माग. मी शब्द मोडायचो न्हाय."

"औंदा तुम्हीच जिंकणार," सुगरा हळूच म्हणाली. "आन् तुम्हीबी काय पायजे ते मागा. मी रडायची न्हाय."

दिलदारला पयल्यांदाच तिची कीव आली. किती सोसलं हिनं, म्हणून मान खाली घातली.

आण्णानं पेपर उघडला, चष्मा पुसला आन् दिलदारचं पाकीट फोडलं. एक चूक. दोन चूक. थेरड्याचं नाव वाचलं तशी गल्ली खदाखदा हसली. शमशुद्दीन म्हणाला, दाजी, बोर्ड डोळं झाकून रंगवता काय? सातीच्या साती चूक. शून्य.

दिलदारच्या छातीवरचा दगड उतरला. आता एक जरी नाव बरोबर आलं तरी ती जिंकली. आन् सुगराची बरोबर नावं कुठल्याच वर्षी चारच्या खाली आली न्हवती.

त्यानं तिच्याकडं बघितलं. सुगराचं तोंड चुन्यागत पांढरं पडलेलं. तिनं टपरीचा खांब घट्ट धरला होता.

आण्णानं दुसरं पाकीट फोडलं. पयलं नाव वाचलं आन् थांबला. परत वाचलं. त्योच थेरडा. त्याच्याखाली नायिका, त्याच तीन दिवसांच्या पिच्चरची. आण्णाचं बोट सातव्या नावापातूर खाली खाली सरकत गेलं, एकबी बरोबर न्हवतं, मग त्यानं चष्मा कपाळावर चढवला आन् फळीकडं बघून हसला.

"बिबीजान," आण्णा म्हणाला, "साखर आणा."