आईची हनुवटी

"खालचा जबडा कापून मागे सरकवावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "काही आठवडे पातळच खायचं. सूज हळूहळू उतरते. ओठ बरेच महिने बधिर राहतो, कधीकधी कायमचाही."

मग त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या लेकीचा ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवला. छानच होता. पण तिच्या आईसारखी पुढे आलेली हनुवटी त्यात नव्हती. बायको गेली, तिचं म्हणून घरात तेवढंच चालतंबोलतं उरलंय.

नस दुखावली तर काय, हाड जुळलं नाही तर काय, मी एकेक विचारत राहिलो.

बाहेर जिन्यात लेक हसली. "बाबा, अशाने डॉक्टरच पळून जातील हो!"

"घास नीट चावता येत नाही, म्हणूनच करतेयस ना? मी जन्मभर मऊ शिजवून घालेन. आईचा चेहरा आहे गं तुझा. राहू दे की."

ती पायरीवर थांबली.



"आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघतच नाही, बाबा. हनुवटीकडे बघता."