मध्यंतर

मध्यंतराचे दिवे लागले, तरी हेरंबने पॉपकॉर्नला हात लावला नव्हता.

"संपलं सगळं," तो बायकोला म्हणाला. बारा वर्षं वाट पाहिलेल्या अंतराळपटाच्या या दुसऱ्या भागात त्याचा लाडका कप्तान चक्क शत्रूला जाऊन मिळाला होता. यानावरचे जुने सोबती एकेक करून त्याला सोडून गेले, ते हेरंबला पटलंच. उरली होती फक्त नवी स्वयंपाकीण. "हिला कशाला घेतलीय कुणास ठाऊक," असं पुटपुटत तो तडक उठला. वसुधा मात्र बसून राहिली. तिने पॉपकॉर्न तेवढे त्याच्याकडून मागून घेतले.

बाहेर बाकावर बसून त्याने चाहत्यांच्या ग्रुपवर लांबलचक परीक्षण टाकलं. 'असल्या गद्दाराला आजपासून रामराम,' हे शेवटचं वाक्य. पहिल्या दिवसाचा पहिलाच खेळ, त्यामुळे त्याच्याआधी कुणीच लिहिलेलं नव्हतं. त्याला जरा बरं वाटलं.

खेळ सुटला. वसुधा ओढणीने डोळे टिपत आली.

"सोंग होतं रे ते. शत्रूच्या गोटात शिरायला केलेलं. सगळ्यांना वाचवलं आणि गेला बिचारा."

"जवळ कोण होतं?"

"ती स्वयंपाकीण. बाकीचे तर मध्येच निघून गेले होते ना."

हेरंबने छातीवर हातांची घडी घातली. ग्रुपसाठी त्यानेच हौसेने छापून घेतलेल्या टी-शर्टावर लिहिलं होतं, 'कप्तान, शेवटपर्यंत सोबत.' अक्षरं मोठी होती. घडीखाली मावत नव्हती.