आठ बाया, सहा दिवस

ज्ञानेश्वरी फळ्यावर गणित सोडवून, हातात डस्टर धरून वर्गासमोर उभी होती, आणि सरांचे कालचे वाक्य तिच्या मनात अजून ठसठसत होते. गणिताच्या तासाला माणसे, तास आणि दिवस यांचे संयुक्त चलन शिकवताना त्यांनी स्वतःच्याच कांदालागवडीचे उदाहरण दिले होते: “बारा बाया रोज आठ तास राबून पाच दिवसांत वावर लावतात. हिच्या आईच्या टोळीला मात्र सहा लागले. कामचुकार सगळ्या!” सारा वर्ग हसला होता. तेव्हापासून ती आजचे उत्तर खुरप्यासारखे पाजळत होती. “सर, बाया आठच हुत्या, बारा न्हाई. आठ बाया, सहा दिवस. तास रोजचे दहा येत्यात. म्हणूनच माझी आई अंधार पडल्यावर यायची.” तिने डस्टर पुढे केले. “चुकलं असंल तर पुसा. न्हाईतर सांगा, कामचुकार कोण?” सर फळ्यावरचे दहा पाहून डस्टर न घेताच वर्गाबाहेर गेले.