कोरडी जागा

वैशाखातल्या दुपारी प्रभाकरची उघडी पाठ घामाने डवरली होती. डाव्या खांद्याखाली मात्र तळहाताएवढा एक फिकट भाग कोरडा होता. सुमतीने पंच्याने सगळी पाठ पुसली आणि थांबून पाहिले. थोड्याच वेळात पुन्हा बारीक थेंब फुटले. त्या जागेच्या चारही बाजूंनी फुटले. आत एकही नाही.

“पुढचा प्रश्न,” प्रभाकर म्हणाला. “आणि दळण दळल्यासारखी वाचू नकोस.”

तो पुण्याला, नुकत्याच निघालेल्या डॉक्टरीच्या मराठी वर्गात शिकत होता. परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून कल्याणला घरी येऊन पाठांतर चालले होते. उत्तरे देताना तो ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसे. मागे त्याची बायको सुमती बसे. तिच्या मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी, आणि गोधडीवर प्रश्नांचे पुस्तक. तिला वाचायला त्यानेच शिकवले होते; प्रश्न विचारायला कोणी तरी हवे होते.

शिमग्याच्या आधी याच ओटीवर त्याने ठमाबाईला बसवले होते. ठमाबाई खाडीकाठच्या वाडीतून भात कांडायला येई. तिच्या दंडावर एक फिकट डाग होता. प्रभाकरने तिला डोळे मिटायला लावले आणि सुमतीकडून सुई मागून घेतली. शेजारपाजारचे लोक बघायला जमले.

“सुई कुठे आहे, सांग,” तो म्हणाला.

ठमाबाई डोळे मिटून हसत बसली. “टोचली का, दादा? मना काय नाय कलला.”

तेव्हा सुई तिच्या दंडात अर्धी गेलेली होती. लोकही हसले. मग प्रभाकरने रोगाचे नाव सांगितले आणि हसणे थांबले.

आता ठमाबाई खाडीपलीकडे खाजणात, भरतीचे पाणी शिरणाऱ्या ओसाड जागेत, झोपडी करून एकटी राहत होती. तिच्या नातीचे ठरलेले लग्न मोडले. तिने कांडलेले तांदूळ सासूबाईंनी पाण्यात टाकायला लावले. प्रभाकरचे मात्र नाव झाले. पास होण्याआधीच आळीतले लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले.

नवऱ्याच्या पाठीवरचा डाग सुमतीला त्याआधीच ठाऊक होता. घामाने उठणारे साधे शिबे असतील, असे तिने धरले होते. ठमाबाईचा दंड पाहिल्यापासून तिला तसे धरता येईना. तरी ती बोलली नाही. बोलली तर तो खाजणात जाणार, आणि त्याच्यामागून तीही. रोज त्याची पाठ पुसताना ती ठरवी की आज सांगायचे, आणि पंचा वाळत घालताना ठरवी की उद्या.

न बोलण्यासारखे आणखी एक होते. तिला मूल नव्हते. सासूबाईंना वंश हवा होता, आणि दुसरी सून म्हणून त्यांनी सुमतीचीच धाकटी बहीण सगुणा हेरून ठेवली होती. नव्या माणसांशी सोयरीक नको, ओळखीचे घर बरे. सुमतीच्या वडिलांनी मान डोलावली होती. अडले होते ते प्रभाकरच्या शब्दावाचून. परीक्षा होऊ दे, मग बघू, असे तो दिवाळीपासून म्हणत आला होता.

सुमतीने पान उलटले. “महारोगाच्या डागाची लक्षणे सांगा.”

“जागा फिकट होते. केस झडतात. घाम येत नाही. टोचलेलं कळत नाही.” तो स्वतःशीच हसला. “ठमाबाईचा दंड म्हणजे पुस्तकातलं चित्रच होतं.”

रोग कशाने होतो, या प्रश्नावर तो बराच वेळ बोलला. नव्या मताप्रमाणे जंतूंनी होतो. युरोपात कोणी तरी सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे जंतू पाहिले आहेत. जुन्या मताप्रमाणे तो रक्तातून उतरतो, बापाचा मुलात, मुलाचा नातवात. परीक्षक जुने होते, तेव्हा तो जुनेच लिहिणार होता.

“अशा माणसाने लग्न करावे का?” सुमतीने विचारले.

“हे पुस्तकात आहे?”

“आहे,” ती म्हणाली. नव्हते.

“करू नये. त्या मुलीचं वाटोळं आणि पोटच्या पोरांचंही. लपवून करणाऱ्याला तर चाबकानं फोडावा.” त्याने मान मोडून घेतली. “लिहायला छान आहे. पुढे.”

सुमतीने पुस्तक खाली ठेवले आणि गोधडी पुढे ओढली. तिने दोन टाके घातले.

तेवढ्यात सासूबाई माजघराच्या दारात आल्या. सुमतीचे वडील संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. त्यांना आणखी किती दिवस लोंबकळत ठेवायचे, असे त्यांनी लेकाला विचारले.

प्रभाकर वळला नाही. भिंतीकडे बघतच म्हणाला, “सांग त्यांना, सगुणा मला पसंत आहे. ज्येष्ठातला मुहूर्त धरा.” मग आवाज उतरवून तो मागे म्हणाला, “तू आता रडत बसू नकोस. पुढचा प्रश्न विचार.”

सुमती रडत नव्हती. तिच्या मांडीवर गोधडीचा दोरा नुसताच लोंबत होता. त्याच्या टोकाला सुई नव्हती.

“सासूबाई, जाऊ नका,” ती म्हणाली. “सगुणा या घरात येणार नाही.”

मग ती नवऱ्याच्या पाठीकडे वळली.

“डोळे मिटा. आणि सुई कुठे आहे, सांगा.”